ऑडी आर८ व्ही१२ टीडीआय : ल माँ जिंकणारं डिझेल रस्त्यावर का आलं नाही

जानेवारी २००८ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात ऑडीने एक आर८ उभी केली. दोन आसनं, इंजिन आसनांच्या पाठीमागे, चारही चाकांना ताकद, म्हणजे वर्षभरापूर्वी विक्रीला आलेलीच गाडी. फरक मागच्या काचेखाली होता. तिथे व्ही८ पेट्रोलच्या जागी बारा सिलिंडरचं, सहा लिटरचं टर्बो डिझेल, ऑडीच्या भाषेत टीडीआय, बसवलेलं होतं. ५०० अश्वशक्ती आणि १,००० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोही १,७५० आरपीएमपासून, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपासून. शून्य ते शंभर ४.२ सेकंदांत, कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. दोनच महिन्यांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात तीच कल्पना लाल रंगात आणि ल माँचं, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या प्रसिद्ध शर्यतीचं, नाव लावून पुन्हा समोर आली. आता ही गाडी येणारच, असं बऱ्याच जणांनी धरून चाललं होतं.

२००९ मध्ये ऑडीने ती रद्द केली.

डिझेल इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये शोभतं का, हा वाद गाड्यांच्या गप्पांमध्ये वर्षानुवर्षं चालतो आणि बहुतेक वेळा आवडीनिवडीवर येऊन अडकतो. एकाला आवाज सहन होत नाही, दुसऱ्याला टॉर्कची चटक लागलेली असते. आर८ व्ही१२ टीडीआयचं प्रकरण या वादासाठी फार सोयीचं आहे, कारण इथे सगळी अनुकूलता एका जागी आली होती. शर्यत जिंकलेली कंपनी, स्वतःच्या कारखान्यात तयार असलेलं प्रचंड डिझेल इंजिन, आणि जगभर वाखाणली गेलेली स्पोर्ट्स कार. एवढं असूनही गणित जमलं नाही. कुठे जमलं नाही ते बघू.

शर्यतीत काय घडलं होतं

डिझेलने शर्यतीत उतरणं २००६ मध्ये नवं नव्हतं. १९४९ च्या ल माँमध्ये देलेत्रेझ बंधूंची डिझेल गाडी धावली होती. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये कमिन्सच्या डिझेल गाडीने चक्क पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली, पण ट्रॅकवरचा रबराचा कचरा टर्बोच्या (इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) तोंडात अडकला आणि गाडी बाहेर पडली. १९९८ मध्ये न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यूच्या ३२०डी ने जिंकली. पण हे सगळे सुटे प्रसंग होते. ऑडीने जे केलं ते सलग होतं.

आर१० टीडीआय ही ५.५ लिटर व्ही१२ डिझेलची शर्यतीची गाडी. साडेसहाशेहून जास्त अश्वशक्ती, १,१०० न्यूटन-मीटर. मार्च २००६ मध्ये सेब्रिंगची १२ तासांची शर्यत तिने पदार्पणातच जिंकली आणि जूनमध्ये ल माँ. फ्रँक बीएला, एमान्युएले पिर्रो आणि मार्को वेर्नर या तिघांनी ३८० फेऱ्या मारल्या. दुसऱ्या आलेल्या पेस्कारोलो पेट्रोल गाडीच्या ३७६ झाल्या, आणि त्या गाडीच्या चालकांमध्ये रॅलीचा बादशहा सेबास्तियन लोएब होता. इथून पुढे २०१४ पर्यंत ल माँचं विजेतेपद डिझेलकडून कुणाला हिसकावता आलं नाही. आठ वेळा ऑडी, मध्ये २००९ ला एकदा फ्रेंच कंपनी पूजो. शेवटच्या तीन विजयांत विजेची मोटर मदतीला होती, पण मुख्य इंजिन डिझेलच.

हा इतिहास सांगून लोक थांबतात: "बघा, ल माँ जिंकलं, अजून काय पुरावा हवा?" पुरावा हवा तो याचा की जिंकलं कशामुळे.

पहिलं कारण नियमांतलं. त्या काळच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाला चार लिटरची मर्यादा होती, डिझेलला साडेपाचची. आत घ्यायच्या हवेच्या बाबतीतही डिझेलला जास्त मोकळीक होती. ही काही चोरी नव्हती. दोन भिन्न तऱ्हेची इंजिनं एका रांगेत आणायची तर कुठेतरी तराजू झुकवावाच लागतो, आणि मोठ्या कंपन्यांचं डिझेल शर्यतीत यावं असं आयोजकांनाही वाटत होतं. पण त्यामुळे "एकाच मापाच्या लढाईत डिझेलने पेट्रोलला हरवलं" असं म्हणता येत नाही.

दुसरं कारण टाकीतलं, आणि मला ते जास्त मजेशीर वाटतं. २००६ ला पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्यांना ९० लिटरची टाकी होती. मोजमाप लिटरमध्ये, पण इंजिन खातं ऊर्जा. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. शिवाय डिझेल इंजिन त्या ऊर्जेचा वापरही जास्त काटकसरीने करतं. म्हणजे ऑडी त्याच आकाराच्या टाकीत जास्त शिदोरी घेऊन निघत होती आणि ती पुरवूनही खात होती. चोवीस तासांत इंधनासाठी जितक्या कमी वेळा थांबाल तितका वेळ हातात शिल्लक. २००७ ला आयोजकांनी डिझेलची टाकी ८१ लिटर केली. बरोबर दहा टक्के कपात, म्हणजे हिशेब त्यांच्याही लक्षात आला होता. त्यानंतरही डिझेल जिंकत राहिलं, हे ऑडीच्या इंजिन विभागाचं आणि उलरिख बारेत्स्की यांच्या चमूचं खरं श्रेय.

आता हे दोन्ही फायदे आर८ च्या ग्राहकाला लावून बघा. त्याला नियमांची सवलत मिळत नाही. आणि रविवारी सकाळी डोंगरातल्या वळणांवर दोन तास फिरून येणाऱ्याला इंधनासाठी एकदा कमी थांबल्याने काय मिळणार? ल माँचा निकाल खरा होता, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्न रस्त्यावर कुणी विचारतच नाही.

नातं नावापुरतं

डेट्रॉइटला मांडलेल्या गाडीभोवती ल माँचं वलय होतं. इंजिनाकडे नीट पाहिलं तर ते वलय विरळ होतं. शर्यतीच्या आर१० चं इंजिन ॲल्युमिनियमचं, ५.५ लिटरचं, दोन ओळींत ९० अंशांचा कोन. आर८ मध्ये बसवलेलं इंजिन आलं होतं क्यू७ मधून. त्या अवाढव्य एसयूव्हीसाठी बनवलेलं हे ५.९३ लिटरचं इंजिन, कोन ६० अंशांचा, ब्लॉक खास तऱ्हेच्या ओतीव लोखंडाचा. बारा सिलिंडर, टर्बो आणि डिझेल एवढं सोडलं तर दोघांत फार साम्य नाही.

लोखंडी ब्लॉक हा काही आळशीपणा नव्हता. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि फवारलेलं इंधन पेट घेतं. त्यावर टर्बोने ढकललेली जास्तीची हवा. सिलिंडरमधला दाब पेट्रोल इंजिनापेक्षा खूप चढतो, आणि तो दाब लाखो किलोमीटर सोसायचा तर ब्लॉक, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट सगळंच दणकट लागतं. शर्यतीचं इंजिन एकदा चोवीस तास टिकलं की उघडून तपासता येतं. ग्राहकाच्या इंजिनाला हे चालत नाही. परिणाम असा की क्यू७ चं हे इंजिन तीनशे किलोंच्या वर गेलं, तर आर८ साठी पुढे आलेलं व्ही१० पेट्रोल अडीचशेच्या आसपास राहिलं. वर दोन टर्बो, इंटरकूलर, त्यांचे पाइप, धुराचे गाळणी-फिल्टर. अडीच टनांच्या क्यू७ मध्ये हा फरक कुणाला जाणवणारही नाही. साधारण १,५६० किलोंच्या आर८ मध्ये, तेही मागच्या चाकांच्या पुढे वाढलेलं वजन, जाणवल्याशिवाय राहत नाही. आर८ च्या पेट्रोल इंजिनाला ड्राय संप (इंजिनाखाली न ठेवता तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याची सोय) दिला होता तो इंजिन शक्य तितकं खाली बसावं म्हणून. जिथे गुरुत्वमध्य खाली नेण्यासाठी एवढी धडपड केली, तिथेच वजनदार व्ही१२ ठेवायचं हे जरा उलटंच झालं.

हजाराचा आकडा

या प्रकरणाचा गाभा मात्र १,००० न्यूटन-मीटर या आकड्यात आहे. हा आकडा वाचून माणूस हरखतो. त्याच काळातल्या व्ही८ आर८ ला ४३० होते, म्हणजे दुपटीहून जास्त. मग गाडी दुपटीने जोरात पळायला हवी.

ऑडीने स्वतः दिलेले आकडे शेजारी ठेवा. व्ही८ पेट्रोल : ४२० अश्वशक्ती, ४३० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ४.६ सेकंद. व्ही१२ डिझेल : ५००, १,०००, आणि ४.२ सेकंद. वर्षभरानंतर आलेलं व्ही१० पेट्रोल : ५२५, ५३०, आणि ३.९ सेकंद. टॉर्क जवळपास निम्मा असलेली व्ही१० हजार न्यूटन-मीटरवाल्या डिझेलला मागे टाकते. मग ते हजार गेले कुठे?

ते गिअरबॉक्समध्ये गेले. गिअरची सायकल चालवणाऱ्याला हे पायाने माहीत असतं: हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवले तर चढ चढता येतो, जड गिअरमध्ये हळूहळू पण जोर लावून फिरवले तरी तेवढंच अंतर जातं. इंजिनाचंही तसंच. चाकाला काय मिळतं ते इंजिनाच्या टॉर्कवर ठरत नाही. इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं प्रमाण, यावर ठरतं. व्ही१० पेट्रोल आपली पूर्ण ताकद ८,००० आरपीएमला देतं, व्ही१२ डिझेल चार हजारांच्या आसपास. दोन्ही गाड्या ठरावीक वेगाला पूर्ण ताकदीवर असाव्यात असं गिअर बसवायचं तर पेट्रोलचा गिअर साधारण दुप्पट आखूड ठेवता येतो. आता ५३० ला दोनाने गुणा. १,०६० येतात. चाकापाशी पोहोचेपर्यंत डिझेलची आघाडी संपलेली असते, किंबहुना किंचित मागेच पडलेली असते. आणि गाडी जड असते, ती वेगळीच.

डिझेल एवढं सावकाश का फिरतं, याचं उत्तर पुन्हा त्याच्या जळण्याच्या पद्धतीत आहे. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधीच मिसळलेली असते, ठिणगी पडली की ज्योत झपाट्याने पसरते. डिझेलमध्ये इंधन शेवटच्या क्षणी आत येतं, तिथल्या तिथे हवेत मिसळतं आणि मिसळेल तसं जळतं. याला वेळ लागतो. फिरण्याचा वेग वाढवत नेला तर जळणं पुरं व्हायच्या आत पिस्टन खाली निघून जातो. त्यात पिस्टन आणि रॉड जड. पाच हजारांच्या पुढे डिझेलला नेणं म्हणजे त्याच्या स्वभावाशी भांडणं. आर१० सारखी शर्यतीची गाडीसुद्धा ३,००० ते ५,००० च्या पट्ट्यातच धावायची.

डिझेलच्या बाजूचं एक खरं सांगायला हवं. गिअर बदलायचा कंटाळा असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये रमतगमत जाताना अचानक समोरच्याला ओलांडायचं असेल, तर व्ही१२ टीडीआयसारखं इंजिन सुखच देतं. १,७५० ला पूर्ण टॉर्क हजर. पेट्रोलचं व्ही१० त्या वेगाला अजून जागंही झालेलं नसतं; त्याला दोन गिअर खाली आणावं लागतं. ज्यांनी चांगली डिझेल गाडी घाटात चालवली आहे त्यांना हा "ओढा" ठाऊक आहे, आणि त्याची सवय लागली की पेट्रोल गाडी मरगळलेली वाटते. ही भावना खोटी नाही. पण ती गिअर न बदलण्याच्या आरामाची आहे, आणि आरामासाठी माणूस आर८ घेत नाही.

हातात येणारी गाडी

स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाकडून अजून एक अपेक्षा असते, तिला आकडा नाही. वळणाच्या मध्यावर गाडी मावेल तेवढ्या वेगाने जात असताना उजव्या पायाने मिलिमीटरमध्ये फेरफार करता आला पाहिजे. थोडं दाबलं तर थोडं, सोडलं तर लगेच. टर्बो नसलेलं, वेगाने फिरणारं पेट्रोल इंजिन यात उस्ताद असतं. त्या काळच्या मोठ्या टर्बो डिझेलमध्ये दाबणं आणि मिळणं यांत किंचित अंतर पडायचं, आणि मिळायचं तेव्हा एकदम भरपूर. महामार्गावर हे कुणाच्या गावीही नसतं. वळणात मागची चाकं पकडीच्या टोकावर असताना एकदम आलेले दोनशे न्यूटन-मीटर नको असतात.

शिवाय पट्टा. पेट्रोलचं व्ही१० दीड हजारापासून साडेआठ हजारांपर्यंत एकाच गिअरमध्ये नेता येतं. त्यात चालकाला निवडायला जागा असते, कुठे हळुवार, कुठे किंचाळत. डिझेलला कामाचा पट्टा सतराशेपासून चार-साडेचार हजारांपर्यंत. त्या पट्ट्यात ते उत्तम, बाहेर काहीच नाही.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. ल माँमध्ये आर१० इतकी शांत जायची की चालकांना वेगात वाऱ्यापुढे इंजिन ऐकू येत नसे, आणि गिअर कधी बदलायचा ते समोरच्या दिव्यांवरून ठरवावं लागे. प्रेक्षकांपैकी काहींना ती शांतता भारी वाटली, अनेकांना फसवल्यासारखं झालं. आपल्याकडे डिझेल म्हटलं की एसटी, ट्रॅक्टर आणि किर्लोस्करचं शेतावरचं इंजिन आठवतं, त्यामुळे इथला माणूस डिझेलच्या आवाजाला हसतो तरी किंवा जीव लावतो तरी. पण बारा सिलिंडरचं टर्बो डिझेल धडधडत नाही, ते गुरगुरतं. आवाज हा गाडी रद्द होण्याचा निर्णायक मुद्दा होता असं मला वाटत नाही.

पैसा आणि मुहूर्त

गाडी न बनवण्यामागे बाहेर आलेलं कारण साधं होतं: हे इंजिन आर८ मध्ये बसवण्याचा खर्च अपेक्षित विक्रीच्या मानाने परवडत नव्हता. वरवर हे हिशेबनीसाचं उत्तर वाटतं, पण त्याच्या पोटात वरचं सगळं अभियांत्रिकीचं दुखणं आहे. आर८ चा गिअरबॉक्स चारशे-पाचशे न्यूटन-मीटरसाठी घडवलेला. हजार सोसेल असा गिअरबॉक्स, क्लच आणि पुढचे सगळे शाफ्ट नव्याने करायचे. प्रदर्शनातल्या गाडीत सहा गिअरचा मॅन्युअल होता. प्रदर्शनात तो फिरवून दाखवणं वेगळं आणि दहा वर्षांची हमी देणं वेगळं. थंड हवेसाठी दारांमागची हवेची तोंडं मोठी करावी लागली, छतावरही हवेचं तोंड आलं. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा इंजिनाजवळ गरम राहावी लागते आणि मधल्या-इंजिनाच्या गाडीत इंजिनाजवळ जागा नसतेच. म्हणजे चेहरा आर८ चा, पण मागची अर्धी गाडी नवी.

आणि हे कुणासाठी? स्पोर्ट्स कारचा मोठा बाजार अमेरिका. डेट्रॉइट निवडण्यामागेही अमेरिकेला टीडीआयची गोडी लावायचा हेतू दिसत होता. पण त्या वर्षी अमेरिकेत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग विकलं जात होतं, आणि जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेलं. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली आणि महागड्या गाड्यांची गिऱ्हाइकंच पातळ झाली. दरम्यान लँबोर्गिनीशी नातं असलेलं व्ही१० पेट्रोल घरातच तयार होतं, आर८ मध्ये मावतही होतं, आणि डिझेलपेक्षा वेगवान होतं. निर्णय घ्यायला बसलेल्या माणसाच्या जागी मी असतो तरी वेगळं काही केलं नसतं.

एक गैरसमज इथेच दूर करावा. अनेक जण म्हणतात की डिझेल स्पोर्ट्स कार धुराच्या घोटाळ्याने मारली. कालक्रम तसा नाही. आर८ डिझेल २००९ ला गेली. धुराच्या चाचण्यांत फसवणूक केल्याबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑडीची मालक असलेल्या फोक्सवॅगनला नोटीस दिली ती १८ सप्टेंबर २०१५ रोजी. त्या घोटाळ्याने डिझेलची पत धुळीला मिळवली हे खरंच. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तपासण्या केल्या आणि त्या वर्षाअखेर फोक्सवॅगन समूहाने भारतात ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑडीने ल माँ सोडत असल्याचं जाहीर केलं, २०१८ मध्ये पोर्शेने डिझेल बंद केलं. पण पोर्शेने केयेन आणि पानामेरात डिझेल घातलं तेव्हाही ९११ या आपल्या स्पोर्ट्स कारला हात लावला नव्हता. घोटाळ्याच्या कितीतरी आधी, डिझेल जोरात चालत असतानासुद्धा, स्पोर्ट्स कारचं दार त्याला बंदच होतं.

चुकलेली निवड

तरीही "डिझेल आणि स्पोर्ट्स कार जमतच नाही" असा निकाल या प्रकरणावरून द्यायला मी तयार नाही. ऑडीने सर्वांत मोठं, सर्वांत जड डिझेल निवडलं. नेमकं उलटं करून पाहिलेल्या दोन गाड्या तोवर होऊन गेल्या होत्या.

२००२ मध्ये ओपेलने इको स्पीडस्टर दाखवली. १.३ लिटरचं छोटं डिझेल, ११२ अश्वशक्ती, पण गाडीचं वजन अवघं ६६० किलो आणि अंग असं गुळगुळीत की वेग ताशी अडीचशेच्या पुढे. सरासरी इंधन शंभर किलोमीटरला अडीच लिटर. २००५ च्या टोकियो प्रदर्शनात खुद्द फोक्सवॅगनने इकोरेसर आणली : दीड लिटर टीडीआय, १३६ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर, वजन ८५० किलो, शून्य ते शंभर ६.३ सेकंद, इंधन ३.४ लिटर. इथे डिझेल आपल्या गुणांवर उभं आहे. इंजिन लहान, म्हणून जडपणा सोसवतो. गाडी हलकी, म्हणून कमी ताकदही पुरते. टाकी छोटी चालते, म्हणून अजून वजन कमी. एक फायदा दुसऱ्याला जन्म देतो. आर८ मध्ये हीच साखळी उलटी फिरली होती : जड इंजिन, म्हणून जड गिअरबॉक्स, म्हणून मोठे ब्रेक, म्हणून अजून वजन.

या दोन्ही गाड्याही विक्रीला आल्या नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं. कार्बन फायबरचं अंग महाग, आणि डिझेलचं उच्च दाबाचं फवारे-तंत्र, टर्बो, फिल्टर हे छोट्या पेट्रोल इंजिनापेक्षा बरंच खर्चीक. तो खर्च इंधनाच्या बचतीतून वसूल व्हायचा तर गाडी खूप पळायला हवी. स्पोर्ट्स कार मात्र बहुतेक वेळ गॅरेजमध्ये असते. जो रोज शंभर किलोमीटर कापतो त्याला डिझेल परवडतं, पण त्याला दोन आसनांची, सामानाला जागा नसलेली गाडी नको असते. जगातल्या बहुतेक डिझेल स्पोर्ट्स कारच्या कल्पना याच फटीत पडल्या.

भारतात हे गणित थोडं वेगळं जमलं, आणि का जमलं ते लक्षात घेण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकार ठरवत असे आणि पेट्रोल-डिझेलमधली दरी मोठी होती. त्या काळात चाकणच्या कारखान्यातून २०१३ मध्ये पोलो जीटी टीडीआय निघाली : १०५ अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर, मॅन्युअल गिअर. शुद्ध अर्थाने ती स्पोर्ट्स कार नव्हे, पाच माणसांची हॅचबॅकच. पण पुणे-मुंबई महामार्गावर नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या, आठवड्याला शेकडो किलोमीटर पळणाऱ्या आणि तरी चालवण्याची हौस असलेल्या पोरांसाठी ती नेमकी बसली. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून, तिची ताकद वाढवणाऱ्यांची तर फळीच तयार झाली. १ एप्रिल २०२० ला बीएस६ हे धुराचे कडक निकष लागू झाले आणि फोक्सवॅगनने इथलं डिझेल आटोपतं घेतलं.

आता व्ही१२ टीडीआयचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ज्या क्यू७ मधून ते आलं होतं तिथेच ते राहिलं. दुसऱ्या कुठल्याही ऑडीत ते विकलं गेलं नाही आणि २०१२ च्या सुमारास उत्पादनातून गेलं. ए८ सारख्या लांब पल्ल्याच्या सलूनमध्ये ते का आलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. जर्मनीच्या ऑटोबानवर एका टाकीत हजार किलोमीटर, कानावर आवाज नाही, पायाखाली अफाट ओढ. या इंजिनाची जागा तिथे होती. पूजोने २००६ च्या ९०८ आरसी या प्रदर्शनी गाडीत नेमकं हेच मांडलं होतं : ल माँच्या घराण्यातलं व्ही१२ डिझेल, पण चार माणसांच्या ऐसपैस सलूनच्या पाठीत.

आणि ज्या वर्षी आर८ डिझेल डेट्रॉइटला झळकली त्याच वर्षी ऑडीने टीटी कूपेत दोन लिटरचं टीडीआय मुकाट्याने विक्रीला आणलं. १७० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ७.५ सेकंद, कमाल वेग ताशी २२६ किलोमीटर, शंभर किलोमीटरला ५.३ लिटर. तिच्यासाठी ना ल माँचं नाव लावलं गेलं, ना छतावर हवेचं तोंड आलं. युरोपातल्या कामावर जाणाऱ्या, वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर करणाऱ्या माणसांनी ती घेतली, आणि पुढच्या पिढीच्या टीटीतही ऑडीने डिझेल ठेवलं, या वेळी १८४ अश्वशक्तीचं.